शाळा उघडा, मास्तर लांब ठेवा

शाळा उघडावी की उघडू नये, या विषयावर पुण्यातल्या विद्वानांनी काय वाद घातला असेल तो असो. पण या वादात माझा घसा जितका बसला तितका दुसऱ्या कुणाचा बसला नसेल, हे मी छातीठोकपणे सांगतो. कारण आमचा वाद झाला भाताच्या खाचरांत. जो तो आपापल्या बांधावर उभा, आणि माणसामाणसांत एवढं अंतर, की साधं "माझी हरकत नाही" म्हणायलासुद्धा कमरेवर हात ठेवून दम घ्यावा लागत होता.

ते एकोणीसशे अठरा साल, मानमोडीचं. पेपरवाले तिला इन्फ्लुएन्झा म्हणत, पण लोहगडाच्या पायथ्याशी आमच्या करंजवाडीत एवढं लांबलचक नाव घेईपर्यंत माणूस आडवा व्हायचा. काल विळा घेऊन कापणीला गेलेला गडी आज मान टाकायचा. आता मावळातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, की गाठीच्या तापात, म्हणजे प्लेगात, गाव सोडून रानात झोपड्या घातल्या म्हणजे जीव वाचतो. तेव्हा ताप कुठलाही असो, उपाय ठरलेला. प्रथेप्रमाणे आधी सगळ्यांनी मेलेले उंदीर शोधले. एकही सापडला नाही. जिवंत मात्र बरेच दिसले आणि ते चांगले धष्टपुष्ट होते. तरी महिपती पाटलांनी दवंडी दिली, की उद्या सकाळी जो तो आपापल्या शेतात.

जो तो आपापल्या शेतात! यातली गोम माझ्या लक्षात आली ती सगळं गाव निघून गेल्यावर. चूल, जातं, कोंबड्या, म्हातारी माणसं, सगळं गाड्यांवर चढलं. मी शाळेच्या दारात उभा राहून प्रत्येकाला "सांभाळून जा हो" म्हणत होतो. शेवटचा गाडा वेशीबाहेर गेला आणि मग मला कळलं, की मला शेत नाही. माझं असं काही नव्हतंच तिथे. शाळेची एक खोली, तिच्यामागे माझी आणखी लहान खोली, आणि समोर देवळात भैरोबा. गावात आता आम्ही दोघंच.

घरी जावं म्हणाल, तर तेही करून पाहिलं. आई तळेगावला थोरल्या भावाकडे असायची. मी येतो म्हणून निरोप धाडला, त्याला उलट निरोप आला, "केशव, तू आहेस तिथेच सुरक्षित आहेस. उगाच प्रवासाची दगदग करू नकोस." माझ्या सख्ख्या भावाला माझ्या दगदगीची इतकी काळजी पूर्वी कधीच वाटली नव्हती. लहानपणी तो मला भर उन्हात तपकीर आणायला पिटाळायचा. असो.

एकटं राहणं म्हणजे काय, ते मला तोवर माहीत नव्हतं. माणसं आजूबाजूला असताना एकांत फार छान वाटतो. रिकाम्या गावात तो वाटत नाही. दिवसभर कुणी माझं नाव घेत नव्हतं. मी भैरोबाशी बोलू लागलो, आणि तेही आधी "काय, कसं काय?" असं विचारून. वेशीवरच्या दगडावर गावातली झुंबरबाई नावाची म्हातारी एक दिवसाआड तांदूळ, डाळ, दोन वांगी असा कोरडा शिधा ठेवून जायची. बामणाला शिजवलेलं चालत नाही याची तिलाच माझ्यापेक्षा जास्त काळजी. मी धावत जाईपर्यंत ती पार बांधापलीकडे पोचलेली असायची. एकदा मी ओरडलो, "मावशी, जरा थांबा, दोन शब्द बोला!" तर ती तिकडून म्हणाली, "बोला की, पर पुढं येऊ नगा." आता अशा फर्मानावर काय बोलणार? मी म्हटलं, "वांगी छान होती." ती म्हणाली, "बरं." संपलं संभाषण.

खरं सांगतो, मला मरणाची भीती वाटत नव्हती. भीती वाटत होती ती ही, की मी या खोलीत मेलो तर कुणाला कळणार केव्हा? शिधा दगडावर तसाच पडलेला दिसेल, मग कुणीतरी म्हणेल, मास्तर उचलत न्हाई वाटतं हल्ली.

तेव्हा मी ठरवलं, की शाळा उघडायची. बाहेर अर्थातच मी असं सांगितलं, की मुलांचं नुकसान होतंय, विद्या ही सरावाने राहते, वगैरे. विद्या गेली खड्ड्यात. मला पोरांचा गोंगाट हवा होता.

चालत तालुक्याच्या कचेरीत गेलो. तिथे एक कारकून गळ्यात कापराची पुरचुंडी बांधून बंद खिडकीमागे बसला होता. मी काचेवर टकटक केल्यावर तो खुर्चीसकट मागे सरकला. काचेतूनच आमचं संभाषण झालं. शाळा बंद करायचा हुकूम शाळाखात्याचा, पण ताप आहे की गेला हे सांगणार आरोग्यखातं, आणि आरोग्यखात्याचे साहेब तापाने अंथरुणावर. "मग मी काय करू?" मी ओरडलो. त्याने बराच विचार केला, कापूर हुंगला आणि म्हणाला, "गावकऱ्यांची एकमुखाने संमती घ्या. मग बघू."

एकमुखाने! हा गृहस्थ कधी खेडेगावात गेलेला नसावा. करंजवाडीत पाऊस पडतोय की नाही यावरही एकमत होत नसे.

पण मी इरेला पेटलो होतो. दुसऱ्याच दिवशी वेशीबाहेर जाऊन खाचरांच्या मधोमध एका खडकावर उभा राहिलो आणि हातांचा कर्णा करून सभा बोलावली. झोपड्यांतून माणसं निघाली आणि आपापल्या बांधावर येऊन उभी राहिली. लांबून सगळी बुजगावण्यासारखी दिसत होती. एक माझ्याकडे बघून खोकला, तसे त्याच्या दोन्ही बाजूंचे बांध रिकामे झाले.

"शाळा उघडायची का?" मी विचारलं.

"उघडा!" कोंडाजी पहिल्या झटक्यात ओरडला. त्याला पोरं पुष्कळ. "आजच उघडा मास्तर! पोरांनी डोस्कं खाल्लंय. झोपडीत उभं ऱ्हायाला जागा न्हाई. न्हेऊन कोंडा समद्यांस्नी!"

"आन् मेली म्हंजे?" ही झुंबरबाई. तिचा नातू सोडला तर तिला घरात दुसरं कुणी उरलं नव्हतं. "एका पट्टीवर पोरं बसवत्याती. एकाची शिंक दुसऱ्याच्या नाकात. शिकून काय करायचंय वर जाऊन? तितं काय हिशेब इचारणारेत?"

"मावशी, ज्ञानाचा उपयोग—" मी सुरुवात केली.

"ज्ञान ऱ्हाऊ द्या! तुमास्नी पोर हाये का?"

हा प्रश्न भर सभेत, सगळ्या बांधांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. माझं लग्नच जुळत नव्हतं, हे गावाला ठाऊक होतं. मी टोपी सारखी केली. तिकडे रखमाजी, म्हणजे शाळेतल्या आमच्या अंबूचा बाप, शांत माणूस, म्हणाला, "अंबी रोज इचारती, साळा कवा हाये म्हून. पर झुंबरमावशीचं बी खोटं न्हाई." झालं. अर्धं गाव उघडाच्या बाजूचं, अर्धं नकोच्या, आणि रखमाजी दोन्हीकडून. शेवटी सगळ्यांनी पाटलांकडे पाहिलं. पाटील असे, की घरात भाजी कुठली करायची हेही दुसऱ्यावर ढकलायचे. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि निकाल दिला, "भैरोबाला कौल लावा."

आता कौल म्हणजे काय, ते सांगतो. देवाच्या अंगावर उजवीकडे एक आणि डावीकडे एक असे तांदळाचे ओले दाणे चिकटवायचे. उजवा आधी पडला तर हो, डावा पडला तर नाही. हे काम सोपान गुरवाचं. पण सोपान गावाबाहेर, देव गावात, आणि गावात पाऊल टाकायला सोपान तयार नाही. देवळात जाऊ शकणारा माणूस एकच होता. ज्याने मागल्या वर्षी याच पोरांपुढे अंधश्रद्धेवर तासभर व्याख्यान दिलं होतं, तोच.

"आंघूळ करून जा!" सोपान वेशीबाहेरून सूचना देत होता. "दाणं लय भिजवू नगा! आन् मास्तर, फुंकर मारायची न्हाई!"

"मी सुशिक्षित माणूस आहे!" मी खवळून ओरडलो.

"म्हून तर सांगतो!"

मी दाणे लावले आणि देवासमोर बसलो. बाहेर सगळं गाव बांधांवर कान टवकारून उभं. दाणे काही पडेनात. मी भैरोबाला मनातल्या मनात समजावून सांगितलं, की बाबा रे, तुला तरी या रिकाम्या गावात करमतंय का? पोरं आली तर तुलाही दोन फुलं मिळतील. ऊन देवळात आलं, तरी दाणे जागच्या जागी. मला त्यांच्याकडे फार जवळून पाहायची बुद्धी झाली. तिथे शेंदराची जुनी पूड, धूळ आणि वटवाघळांचं काय काय होतं. नाकात काहीतरी गेलं. मी नाक दाबलं, मान वळवली, देवाचं नाव घेतलं, पण जे व्हायचं ते झालं. मी असा शिंकलो, की दोन्ही दाणे उडाले आणि घंटा हलली.

बाहेरून झुंबरबाईचा आवाज आला, "मास्तर शिंकला! मास्तर शिंकला गं बाई!" आणि पळापळीचा आवाज. मी "धूळ गेली नाकात, धूळ!" असं ओरडत देवळाबाहेर आलो, तोवर बांधांवर औषधालासुद्धा माणूस नव्हता.

त्या दिवसापासून वादाचा रोखच बदलला. शाळेबद्दल कुणी बोलेना, सगळे माझ्याबद्दल बोलायला लागले. मला हाक मारून माझी प्रकृती विचारण्यात येई आणि मी ठणठणीत आहे म्हटलं, की "असंच वाटतं आदी" असं उत्तर मिळे. पुढच्या सभेत मला खडकावरही उभं राहू देईनात. मी वेशीच्या आत, ते बाहेर. आणि त्या सभेत तोडगा काढला तो झुंबरबाईनेच. ती म्हणाली, "पोरांनी साळंत जायाचं न्हाई. मास्तरानं पोरांत यायाचं न्हाई. पाटलाचा माळा हाये वेशीजवळ, तितं चढून वरडू द्या त्यास्नी. ज्याला शिकायचं त्यो आपल्या झोपडीपुढं बसून शिकंल."

एकमुखाने संमती मिळाली. कचेरीला कळवताना याचं नक्की काय लिहावं ते मला सुचेना. थोडक्यात ठराव असा होता, की शाळा उघडा, मास्तर लांब ठेवा.

माळा म्हणजे चार लाकडी खांबांवर बांधलेलं मचाण. पीक राखायला पाखरं हाकणारा माणूस त्यावर बसतो. मी कोट, टोपी, उपरणं अशा संपूर्ण पोशाखात त्यावर चढलो. पहिल्या दिवशी "सात एके सात!" म्हणून गरजलो, तशी पाटलांच्या खाचरातली सगळी चिमणी-पाखरं भुर्रकन उडाली. आणि मग एका झोपडीपुढून "सात दुणे चौदा!" आलं. पलीकडच्या झोपडीतून "सात त्रिक एकवीस!" आलं. आवाज बारीक होत, लांब लांब जात, पार ओढ्यापर्यंत गेले. प्रत्येक झोपडीची एक ओळ ठरून गेली. मी वर बसून ऐकत होतो. इतकं बरं वाटलं, की उपरण्याने डोळे पुसून मी मोठ्याने म्हटलं, "कोंडाजीची पोरं, ओढून म्हणू नका!"

पण सुख म्हटलं, की त्यात माती कालवायला माणसं हजर असतातच. चौथ्या की पाचव्या दिवशी कोंडाजी आपल्या बांधावर येऊन तणतणू लागला. "ह्यो कुटला न्याव? मास्तर सरकारचा आन् पाखरं हाकतो पाटलाची! पाटलाचं भात वाचतं, माझं पाखरं खात्याती. तिकडून उडाली का समदी हिकडं येत्याती!" त्यात तथ्य होतं. सातच्या पाढ्याने उडालेली पाखरं थेट कोंडाजीच्या खाचरात उतरत. दोन दिवस भांडण चाललं आणि पाळी ठरली. सोमवारी मी पाटलांच्या माळ्यावर, मंगळवारी कोंडाजीच्या, असा आठवडाभर. मात्र मी माळ्यावर चढेपर्यंत सगळ्यांनी झोपडीत बसायचं. माझ्या शिक्षणाचा, माझ्या पदवीचा, आईने माझ्यासाठी केलेल्या नवसांचा शेवट असा झाला, की शेतकरी एकमेकांना विचारू लागले, "आज मास्तर कुणाच्यात?" एकाने तर वाऱ्याची दिशा बघून पावकीच्या पाढ्याऐवजी अडीचकी घ्या, ती जरा ठसक्यात म्हणता, असंही सुचवलं. मी तोंड फिरवलं. अडीचकी मात्र घेतली.

मग एका सकाळी "सात चोक" आलंच नाही. ती ओळ रखमाजीच्या झोपडीची, अंबूची. मी पुन्हा "सात त्रिक एकवीस" पासून म्हणवून घेतलं. त्या जागी पुन्हा गप्प. पुढच्या झोपडीतलं पोरगंही थांबून राहिलं. रखमाजी पहाटे गेला होता. झोपडीपुढे चारच माणसं दिसत होती, तोंडाला फडकी बांधलेली, आणि जरा बाजूला अंबू. मला उतरून तिच्याकडे जायचं होतं. पण मी उतरलो तर सगळे पळतील, आणि त्या चार माणसांनाही पळावं लागेल, मग त्याला उचलणार कोण? मी वरच बसलो. शेवटी "सात चोक अठ्ठावीस" मीच म्हटलं आणि पुढच्या पोराने "सात पाचे पस्तीस" म्हटलं. त्यानंतर बरेच दिवस ती ओळ मीच म्हणत होतो.

आणि मग मी पडलो. या वेळी धूळ नव्हती. संध्याकाळी अंगात कणकण आली, सकाळी उठता येईना. छपराचे वासे खालीवर होत होते. घसा सुजून बंद झालेला. आज माझी पाळी कुणाकडे होती तेही आठवेना. बाहेर लांबून कुणीतरी हाका मारत होतं, पण ओ द्यायला आवाज नव्हता, आणि थोड्या वेळाने हाका थांबल्या. मला वाटलं, झालं, ज्याला भीत होतो तेच आलं. आता मी इथे मरणार आणि आठवड्याने कुणीतरी म्हणणार, मास्तर दिसत न्हाई वाटतं.

दाराशी कधीतरी गाडगं ठेवल्याचा आवाज झाला. सरपटत जाऊन पाहिलं, तर भाताची गरम पेज. कोरडा शिधा नव्हे, शिजवलेली, मीठ घातलेली. म्हणजे झुंबरबाई वेशीच्या आत आली होती. माझ्या आईला हे कळलं असतं तर तिने मला काय काय प्रायश्चित्तं सांगितली असती, पण मी गाडगं तोंडाला लावलं.

किती वेळ निजलो कुणास ठाऊक. जाग आली ती पाढ्याने. माळ्यावर मी नसताना पोरांनी आपण होऊन पाढा सुरू केला होता. या वेळी आवाज लांबून नव्हते, अगदी वेशीशी होते. सगळी पोरं एकत्र आणि बायाबाप्येही मिसळलेले. सात पाचे पस्तीस. सात सख बेचाळीस. मी डोळे मिटून ऐकत होतो. कुणी आपल्यासाठी म्हणतंय असं वाटायचं धैर्य मला होत नव्हतं. आणि तेवढ्यात सगळ्यांनी मिळून, आकाश फाटेल अशा आवाजात म्हटलं, "सात सत्ते त्रेपन्न!"

त्रेपन्न! माझ्या शाळेत! मी नाही तर लगेच त्रेपन्न! पुन्हा एकदा ओरडले, "सात सत्ते त्रेपन्न!" त्यात कोंडाजीचाही घोगरा आवाज. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घसा कुठला आणि ताप कुठला! मी दाराची चौकट धरून उभा राहिलो आणि होतं नव्हतं ते बळ एकवटून ओरडलो, "एकूणपन्नास, गाढवांनो! एकूणपन्नास!"

वेशीपलीकडून झुंबरबाई किंचाळली, "जिता हाये! मास्तर जिता हाये!" आणि जो काय गलका झाला, तो मी उभ्या जन्मात ऐकला नव्हता. पाटील रडत होते असं मला पुढे सोपानने सांगितलं. मी तिथेच उंबऱ्यावर बसकण मारली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आठचा पाढा चुकवला. तिसऱ्या दिवशी नऊचा. रोज सकाळी वेशीशी येऊन एक चूक करायची, माझी शिवी ऐकायची आणि कापणीला निघून जायचं.

दिवाळीनंतर ताप ओसरला आणि गाडे परत आले. शाळा उघडायला हरकत नसल्याचा हुकूम माघात आला, तेव्हा आमची शाळा कधीचीच भरत होती. पट्टीवर रिकाम्या जागा होत्या, त्या तशाच ठेवून पोरं बसायची. पहिल्याच दिवशी मी छडी हातात घेतली आणि विचारलं, "सात सत्ते त्रेपन्न हे पहिल्यांदा कुणाच्या डोक्यातून निघालं?"

मी कडक आवाजात पुन्हा विचारलं. मग मागून अंबू उठली. बाप गेल्यापासून ती फारशी बोलत नसे.

"म्या सांगितलं समद्यास्नी," ती म्हणाली. "आमच्या बाला म्या लय हाका मारल्या, त्यानं ओ दिली न्हाई. तुमी बी हाकेला ओ देईना. मंग म्या म्हणलं, मास्तर चूक आयकली का गप बसत न्हाई. जिता असंल तर बोलंलच."

मी छडी टेबलावर ठेवली. पोरांकडे पाठ करून फळा पुसू लागलो. फळा कोराच होता, पण मी तो बराच वेळ पुसत राहिलो, आणि मास्तर रडतोय हे सगळ्या वर्गाला कळलं ते कळलंच. मग मी तिला म्हटलं, "बस खाली. आणि चल, सातचा पाढा म्हण. बरोबर म्हण."